वादग्रस्त गोल आणि व्हिडिओ रेफरल: कोल्हापुरातून सतत येणारे हॉकीचे प्रश्न

कोल्हापूर फुटबॉलचं आणि कुस्तीचं गाव. पण मेजर ध्यानचंद स्टेडियमवर संध्याकाळी स्टिक घेऊन येणारी पोरं इथं आहेत, आणि भारताचा सामना रात्री कितीही वाजता असो, जागून बघणारी घरंही आहेत. मी शालेय आणि क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. त्यामुळे टीव्हीवर एखादा गोल नाकारला गेला की पहिले मेसेज मला येतात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. नियम आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचे, म्हणजे एफआयएचचे आहेत. स्थानिक स्पर्धेत व्हिडिओ नसतो, त्याबद्दल प्रश्न ११ आणि १२ पाहा.

१. चेंडू जाळ्यात गेला म्हणजे गोल, एवढं सरळ आहे ना? मग पंच हात का हलवतात?

फुटबॉल बघून हॉकीकडे आलेल्या प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न असतो. हॉकीत चेंडू जाळ्यात गेला एवढ्यावर भागत नाही, तो कुठून खेळला गेला हेही बघावं लागतं. आक्रमण करणाऱ्या संघातल्या कुणीतरी डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, आत चेंडू खेळलेला हवा, त्यानंतर तो डीबाहेर जाता कामा नये, आणि आडव्या दांडीखालून तो पूर्ण रेषेपलीकडे गेला पाहिजे. डीबाहेरून कितीही सणसणीत फटका बसला आणि चेंडू कुणालाही न लागता आत गेला, तरी तो गोल नाही. वाटेत फक्त बचाव करणाऱ्याच्या स्टिकला लागून गेला, तरीही नाही.

उलट आक्रमकाने डीच्या आत चेंडू खेळला आणि मग तो गोलकीपरच्या पॅडला किंवा डिफेंडरच्या पायाला लागून आत गेला, तर गोल. आधी डिफेंडरला लागला आणि मग आक्रमकाने आत खेळला, तरी गोल.

डीची रेषा डीचाच भाग आहे. रेषेला चेंडू टेकलेला असेल तर तो आत धरायचा. मारणाऱ्याचे पाय कुठं होते याला महत्त्व नाही, चेंडू कुठं होता ते बघायचं. ‘तो बाहेर उभा होता की!’ असं गॅलरीतून ओरडणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मे वाद मिटतील.

२. चेंडू अर्धा आत होता, टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं. तरी गोल दिला नाही. का?

कारण अर्धा चालत नाही, पाऊणही चालत नाही. सगळा चेंडू रेषेच्या पलीकडे जावा लागतो.

गोलरेषेची रुंदी ७५ मिलिमीटर असते. चेंडूचा परीघ २२४ ते २३५ मिलिमीटर, म्हणजे व्यास साधारण ७१ ते ७५ मिलिमीटर. रेषा आणि चेंडू जवळपास एकाच मापाचे आहेत. त्यामुळे अख्खा चेंडू रेषेवर बसलेला असू शकतो, आणि तरी गोल झालेला नसतो. शिवाय हॉकीत गोलपोस्टचा पुढचा भाग रेषेच्या बाहेरच्या कडेला टेकलेला असतो. म्हणजे चेंडू पूर्ण पलीकडे जायचा तर तो खांबांच्या पुढच्या कडेच्याही मागं गेलेला असतो.

घरी करून बघा. फरशीवर साडेसात सेंटिमीटर रुंद पांढरा कागद चिकटवा, त्यावर हॉकीचा चेंडू ठेवा. वरून बघा: चेंडू कागदावर आहे. आता चार पावलं पुढं जाऊन, मैदानाच्या बाजूने, उभ्यानेच बघा: चेंडूच्या अलीकडे कागदाची पांढरी कड दिसते आणि चेंडू पलीकडे गेल्यासारखा वाटतो. चेंडू जागचा हललेला नाही. टीव्हीचा मुख्य कॅमेरा किंवा गॅलरीतला माणूस रेषेच्या सरळ समोर नसतो, तेव्हा हाच धोका होतो. म्हणून पंच पाठच्या रेषेजवळ धाव घेतात, आणि म्हणूनच रिप्ले तपासणारे व्हिडिओ पंच रेषेच्या लायनीतला कॅमेरा मागवतात.

३. हॉकीत ऑफसाइड बघत नाहीत का?

नाही. हॉकीतला ऑफसाइड १९९० च्या दशकातच काढून टाकला. गोलकीपरजवळ फॉरवर्ड उभा होता म्हणून गोल रद्द होत नाही.

४. रेफरल म्हणजे नेमकं काय? एका संघाला किती मिळतात?

व्हिडिओची सोय असलेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात प्रत्येक संघाला एक रेफरल असतो. खेळाडू हातांनी इंग्रजी टीचा आकार करतो आणि काय तपासायचं ते पंचांना सांगतो. पंच ते व्हिडिओ पंचांना कळवतात. रेफरल कशावरही मागता येत नाही. पाठच्या रेषेपासून २३ मीटरच्या भागातला निर्णय असावा लागतो, आणि तो गोल, पेनल्टी कॉर्नर (बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल पाठच्या रेषेवरून सुरू होणारी गोलची संधी) किंवा पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलकीपर असताना मारायचा फटका) दिला किंवा दिला नाही याबद्दलचा असावा लागतो. मधल्या मैदानात कुणाच्या पायाला लागलं त्यावर रेफरल नाही.

रेफरल बरोबर ठरला तर तो संघाकडेच राहतो. चुकला तर गेला, आणि मग सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला खरोखरचा अन्याय झाला तरी हात बांधलेले. मॅटवरच्या कुस्तीत कोच स्पंजचा ठोकळा मॅटवर फेकून चॅलेंज मागतो आणि चॅलेंज फुकट गेलं तर समोरच्या पैलवानाला एक गुण मिळतो, हे आपल्याकडे कुणालाही माहीत आहे. हॉकीत गुण जात नाही, पण एकमेव हत्यार जातं. म्हणून पहिल्या क्वार्टरमध्ये हौसेनं रेफरल मागणारा खेळाडू दिसला की मला त्याचा राग येतो.

५. काही वेळा संघ मागत नाही, पंच स्वतःच टीव्हीचा चौकोन करतात. ते वेगळं आहे का?

वेगळं आहे. गोल नियमात बसतो की नाही याबद्दल पंचांच्याच मनात शंका असेल तर ते स्वतः व्हिडिओ पंचांना विचारू शकतात. त्यात कुठल्याही संघाचा रेफरल खर्ची पडत नाही. चेंडू रेषा ओलांडून गेला का, डीत स्पर्श झाला का, आक्रमकाच्या पायाला लागला का, अशा गोष्टी ते विचारतात. खेळाडू पंचांना घेरून ‘बघा, बघा’ करतात ते बहुतेक याचसाठी: आपला रेफरल वाचावा आणि पंचांनीच विचारावं.

६. रिप्ले पाच वेळा दाखवला, आम्हाला चूक दिसली, तरी ‘नो अ‍ॅडव्हाइस पॉसिबल’ म्हणाले आणि निर्णय तोच राहिला. हे कसं?

माझ्या मते सगळ्या वादांचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आपण घरी रिप्ले बघतो तेव्हा ‘काय घडलं असावं?’ असा प्रश्न मनात धरून बघतो. व्हिडिओ पंचांपुढचा प्रश्न वेगळा असतो: मैदानावरचा निर्णय चुकीचा आहे हे या चित्रात स्वच्छ दिसतंय का? हे दोन प्रश्न एक नाहीत. समजा चेंडू आक्रमकाच्या बुटाला चाटून गेला असं तुम्हाला वाटतंय. एका कॅमेऱ्यात चेंडूची दिशा किंचित बदललेली वाटते, दुसऱ्यात बूट आणि चेंडू यांच्यामध्ये फट दिसते, तिसऱ्यात गोलकीपर मध्ये आहे. तुमचं मन ‘लागला’ म्हणतं, पण स्वच्छ पुरावा नाही. मग व्हिडिओ पंच सांगतात की सल्ला देता येत नाही, आणि मैदानावर पंचांनी आधी जे ठरवलं होतं तेच कायम राहतं. अशा वेळी रेफरल मागणाऱ्या संघाचा रेफरल जात नाही.

याचा अर्थ असा की तोच चेंडू, तोच बूट, तेच चार कॅमेरे असताना पंचांनी आधी गोल दिला असेल तर गोल राहील, आणि आधी नाकारला असेल तर नाकारलेलाच राहील. लोकांना हा अन्याय वाटतो. मला तो वाटत नाही. पंच त्या क्षणी चार-पाच मीटरवर उभे होते, त्यांनी चेंडूचा आवाज ऐकला, खेळाडूचा तोल पाहिला. जिथं कॅमेऱ्याला सांगता येत नाही तिथं त्या माणसाच्या शब्दाला वजन असायलाच हवं. म्हणून मैदानावर पहिला निर्णय नीट घेणं हीच सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि आमच्या पोरांना मी हेच सांगत असतो.

७. आक्रमकाच्या पायाला लागून गोल झाला तर तो कायम रद्दच का?

पायाला लागणं हा आपोआप गुन्हा होत नाही. त्यातून फायदा झाला, किंवा खेळाडू मुद्दाम तसा उभा राहिला, तर गुन्हा होतो. पण गोलसमोर आक्रमकाच्या पायाला लागून चेंडू आत गेला किंवा त्याच्या स्टिकपुढं आयता आला, तर फायदा झालाच. त्यामुळे तिथं व्यवहारात गोल जातोच.

याचं मोठं उदाहरण भुवनेश्वरचं. २०१८ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्यात झाली, निर्धारित वेळेत ०-० राहिली. शूटआउटमध्ये (एक खेळाडू विरुद्ध एक गोलकीपर) बेल्जियमच्या आर्थर द स्लूव्हरने गोल केला आणि त्यांचा सगळा संघ विश्वविजेते झाल्याच्या आनंदात धावत सुटला. व्हिडिओत चेंडू त्याच्या पायाला लागलेला दिसला. गोल रद्द झाला, शूटआउट पुढं सडनडेथमध्ये, म्हणजे पहिल्या फरकाला निकाल लागतो त्या टप्प्यात, गेलं, आणि शेवटी बेल्जियमच ३-२ ने जिंकलं. उड्या मारून झाल्यावर परत स्टिक उचलून उभं राहायचं, हे त्या पोरांना कसं जमलं असेल याचं मला अजून नवल वाटतं.

८. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू वरच्या कोपऱ्यात बसला, एकदा गोल दिला आणि एकदा नाही. पंचांचा नियम रोज बदलतो का?

नियम एकच आहे, फटका वेगळा होता. पेनल्टी कॉर्नरवरचा पहिला फटका जर हिट असेल, म्हणजे स्टिक मागं घेऊन मारलेला, तर चेंडू गोलरेषेवर ४६० मिलिमीटरपेक्षा वर असता कामा नये. गोलच्या आतल्या फळीची उंची तेवढीच असते, म्हणून ‘फळीचा आवाज आला का?’ असं जुने लोक विचारतात. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे स्टिकनं ओढत उचलून फेकलेल्या चेंडूला, ही मर्यादा नाही. हरमनप्रीत सिंगचा फ्लिक वरच्या जाळ्यात बसतो तो म्हणूनच चालतो, फक्त तो कुणाला धोकादायक नसावा. पहिल्या फटक्यानंतरच्या फटक्यांनाही उंचीचं बंधन नाही.

आणखी दोन गोष्टी तपासतात. पहिली, कॉर्नर घेतल्यावर चेंडू एकदा डीबाहेर गेला होता का? बाहेर गेलाच नाही तर गोल नाही. दुसरी, रेषेवरून धावत आलेला डिफेंडर पाच मीटरच्या आत असताना पहिला फटका त्याला कुठं लागला? गुडघ्याच्या खाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर. नीट उभा असताना गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक ठरतो आणि फ्री हिट बचाव करणाऱ्यांना मिळते. गोल द्यायचा प्रश्नच येत नाही.

९. फ्री हिटवरून सरळ गोल झाला, मस्त पास, मस्त डिफ्लेक्शन. रेफरलमध्ये रद्द. कुठं चुकलं?

बहुतेक वेळा पाच मीटर. आक्रमक संघाची फ्री हिट २३ मीटरच्या भागात असेल तर चेंडू थेट डीत घालता येत नाही. तो आधी किमान पाच मीटर फिरलेला हवा किंवा बचाव करणाऱ्या संघातल्या कुणाचा तरी त्याला स्पर्श झालेला हवा. खेळाडू स्वतःकडेच चेंडू घेऊन पळतो आणि साडेचार मीटरवरच डीत सारतो. डोळ्याला कळत नाही, व्हिडिओत कळतं.

१०. पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या अमित रोहिदासला व्हिडिओ बघून बाहेर काढलं. ते बरोबर होतं का?

ऑगस्ट २०२४ चा तो पहिला आठवडा कोल्हापूरला विसरता येणार नाही. १ तारखेला राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं होतं. तो आनंद अजून रस्त्यावर होता, आणि ४ तारखेला हॉकीची उपांत्यपूर्व फेरी ग्रेट ब्रिटनशी झाली.

सतराव्या मिनिटाला चेंडू घेऊन पळताना रोहिदासची स्टिक मागून आलेल्या ब्रिटनच्या विल कॅलननच्या डोक्याला लागली. मैदानावर सुरुवातीला ते एवढं गंभीर धरलं नव्हतं. व्हिडिओ पाहिल्यावर लाल कार्ड निघालं. उरलेला जवळपास पाऊण तास भारत दहा जणांनी खेळला. १-१ बरोबरी झाली, आणि शूटआउटमध्ये गोलकीपर श्रीजेशच्या भरवशावर आपण ४-२ ने जिंकलो. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, तो जर्मनीविरुद्धची उपांत्य लढत खेळू शकला नाही आणि ती आपण २-३ ने हरलो. हॉकी इंडियाने त्या सामन्यातल्या पंचगिरीबद्दल, व्हिडिओ निर्णयांबद्दलसुद्धा, रीतसर तक्रार केली होती.

माझं मत विचाराल तर लाल कार्ड जास्त झालं. स्टिक लागली हे खरं, ते धोकादायक होतं हेही खरं. पण तो मुद्दाम मारत होता असं मला त्या चित्रात दिसलं नाही. संथ गतीनं दाखवलेलं चित्र प्रत्येक हालचाल ठरवून केल्यासारखी दाखवतं. हेतू जोखायचा असेल तर रिप्ले आधी पूर्ण वेगात बघावा, असं मला वाटतं.

११. आमच्या सामन्यात मी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. पंचांनी बघायलाच नकार दिला. खरं समोर असताना का बघत नाहीत?

पालकांकडून हा प्रश्न दर हंगामात येतो, आणि त्यामागची तळमळ मला कळते.

पहिलं कारण नियमाचं. ज्या स्पर्धेत व्हिडिओ पंच नेमलेला नाही तिथं मैदानावरचे दोन पंच हेच सर्वस्व. एका संघाच्या पालकाकडे फोन आहे आणि दुसऱ्याच्या नाही, अशा पुराव्यावर निकाल फिरवला तर उद्या कुणीच खेळणार नाही.

दुसरं कारण चित्राचं. मोबाइल साधारण सेकंदाला ३० चित्रं घेतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला जवळपास २८ मीटर जातो. म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रापर्यंत तो नव्वद सेंटिमीटरहून जास्त पुढं सरकलेला असतो. तुमच्या क्लिपमध्ये एका चित्रात चेंडू बुटाच्या अलीकडे आहे, पुढच्या चित्रात जाळ्यात आहे. मध्ये काय झालं ते तुमच्या फोननं पाहिलेलंच नाही. शिवाय कोनाचा प्रश्न आहेच, तो प्रश्न २ मध्ये सांगितला आहे.

एका शालेय सामन्यात चेंडू गोलकीपरच्या पॅडखाली रेषेवर दबला होता. मी तीन पावलांवर होतो, पॅडच्या कडेनं चेंडू आणि खालची पांढरी रेषा मला दिसत होती. सामना संपल्यावर एक वडील फोन घेऊन आले. त्यांच्या क्लिपमध्ये पॅड पोस्टच्या मागं दिसत होतं, चेंडू दिसतच नव्हता. ते म्हणाले, “पंच, पॅड आत आहे म्हणजे चेंडू आतच की!” मी त्यांना रेषेपाशी नेलं, पॅड ठेवलं, खाली चेंडू ठेवला आणि त्यांना वाकून बघायला लावलं. बराच वेळ वाकून बघितलं त्यांनी. पटलं की नाही ते बोलले नाहीत, पण पोराच्या खांद्यावर हात टाकून गेले.

१२. मग व्हिडिओ नसताना पंच चुकले तर दाद मागायचीच नाही का?

खेळ पुन्हा सुरू होण्याआधी कर्णधारानं शांतपणे विचारावं. दोन्ही पंच एकमेकांशी बोलू शकतात. दुसऱ्या पंचाला काही वेगळं दिसलं असेल तर निर्णय तिथंच सुधारता येतो. मधल्या पासनं खेळ सुरू झाला की मग मागं जाता येत नाही.

माझ्याकडूनही चूक झाली आहे. डीबाहेरून आलेल्या जोरदार हिटवर मी गोल दिला, कारण आत उभ्या पोराची स्टिक लागल्यासारखी वाटली. सामना संपल्यावर तो पोरगा स्वतः आला. “सर, माझी स्टिक लागली नव्हती.” निकाल बदलता आला नाही. हरलेल्या संघाच्या कोचकडे जाऊन मी ते सांगितलं. तेव्हापासून डीच्या टोकावरून फटका आला की मी चेंडूवरची नजर काढून आतल्या स्टिकांवर ठेवतो.

१३. फुटबॉलच्या व्हीएआरमध्ये आणि यात फरक काय?

शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांत गोलवरून होणारी बोलाचाली ज्यांनी पाहिली आहे त्यांच्याकडून हा प्रश्न येतो. मोठा फरक असा: व्हीएआरमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या व्हिडिओ पंचांच्या पद्धतीत, तपासणी ते पंच स्वतःच करत असतात, संघाला मागायचा हक्क नसतो. हॉकीत संघाला तो आहे, पण एकदा चुकला की संपला (प्रश्न ४).

सारखेपणा असा की सोय नसेल तर दोन्ही खेळांत शिट्टीच अंतिम. ११ जून २०२४ ला दोह्यात भारत-कतार विश्वचषक पात्रता सामन्यात चेंडू पाठची रेषा ओलांडून गेला होता, तो परत आत ओढून कतारनं गोल केला. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. आपण १-२ हरलो आणि बाहेर पडलो. कोरियाच्या पंचांनी तो गोल दिला तेव्हा आपला गोलकीपर गुरप्रीतचा चेहरा ज्यांनी पाहिला, त्यांना हॉकीतला तो एक रेफरल किती मोलाचा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

१४. बर्मिंगहॅमला आपल्या मुलींवर घड्याळामुळे अन्याय झाला. तिथं रेफरल का चालला नाही?

कारण ती चूक पंचांच्या नजरेची नव्हती, घड्याळ सांभाळणाऱ्या टेबलावरची होती. ५ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धेची उपांत्य फेरी, भारत-ऑस्ट्रेलिया १-१. शूटआउटमध्ये खेळाडूला २३ मीटरच्या रेषेवरून निघून आठ सेकंदांत गोल करायचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या रोझी मॅलोनचा पहिला प्रयत्न सविता पुनियानं अडवला. मग कळलं की आठ सेकंदांचं घड्याळ सुरूच झालं नव्हतं. प्रयत्न पुन्हा घ्यायला लावला, मॅलोननं गोल केला, आणि आपण शूटआउट ०-३ ने हरलो. एफआयएचनं नंतर माफी मागितली. मुलींनी पुढच्या सामन्यात न्यूझीलंडला शूटआउटमध्ये हरवून कांस्य आणलं.

घड्याळ सुरू नव्हतं तर प्रयत्न परत घेणं भाग होतं, एवढं मी मान्य करतो. पण आठ सेकंद अजून संपलेही नसताना अडवलेला गोल पुन्हा अडवायला लावणं मनाला आजही पटत नाही.

१५. पंचांनी चुकून शिट्टी वाजवली आणि त्याच क्षणी चेंडू आत गेला. गोल मिळेल का?

शिट्टी वाजली की खेळ थांबला. चेंडूनं रेषा शिट्टीनंतर ओलांडली असेल तर गोल नाही, शिट्टी चुकीची असली तरी. बचाव करणारे शिट्टी ऐकून थांबलेले असू शकतात, त्यांच्यावर अन्याय नको. म्हणून डीत गोंधळ असताना शिट्टी ओठांत धरून अर्धा श्वास थांबायचं, हे नवीन पंचांना शिकवावं लागतं.

१६. शेवटचा भोंगा झाला आणि त्याआधी पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. नंतरचा गोल धरतात का?

धरतात. वेळ संपली तरी तो पेनल्टी कॉर्नर पूर्ण होईपर्यंत खेळ वाढवला जातो. चेंडू डीपासून पाच मीटरहून जास्त बाहेर गेला की तो कॉर्नर संपला आणि सामनाही संपला. त्याच कॉर्नरवर डिफेंडरच्या पायाला लागून दुसरा कॉर्नर मिळाला तर तोही घेतला जातो. हातात रेफरल शिल्लक असेल तर तो याच घडीला कामाला येतो.